महागड्या गाडीला हुक, आणि माझं गप्प बसणं

साकेत नगरात आमच्या गल्लीत अजूनही कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच येतो, "काका, त्या हुकाचं पुढं काय झालं?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. लांबण लागेल, पण वाचा. यात माझी फजिती आहे, थोडा हिशेब आहे आणि शेवटी माझं एक मतही आहे.

आधी थोडं मागचं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं फायलींबरोबर इकडं आली. त्यातलंच आमचं एक. मी तेव्हा सहा वर्षांचा. स्टेशनवरून क्वार्टरपर्यंत टांगा केला होता, आणि वडील टांगेवाल्याशी भाड्यावरून नाही, तर ओझ्यावरून वाद घालत होते. ट्रंका मागं ठेवल्या तर टांगा मागं कलंडेल आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा वर ओढला जाईल, म्हणून ट्रंका पुढं घे, असं त्यांचं म्हणणं. टांगेवाला हसला, पण ट्रंका पुढं सरकवल्या. ओझं किती आहे याच्याइतकंच ते कुठं ठेवलंय हेही महत्त्वाचं, हा धडा मी त्या दिवशी पाहिला होता. सदुसष्ट वर्षांनी तोच विसरलो.

पुढं मी बीएचईएलमध्ये, म्हणजे आपल्या भेलमध्ये लागलो. बरीच वर्षं माल रवाना करणाऱ्या विभागात काढली. शंभर-दीडशे टनांचा ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या फाटकातून बाहेर काढणं म्हणजे काय, हे भेलच्या मंडळींना सांगायला नको. आधी रस्त्याचा सर्व्हे. कोणत्या पुलाची रुंदी किती, मोरी किती वजन झेलेल, वळणावर ट्रेलर फिरेल का, विजेच्या तारा किती उंचीवर आहेत. मग अनेक चाकांच्या त्या लांबलचक ट्रेलरवर माल चढायचा आणि पुढचा पुलर मुंगीच्या पावलानं निघायचा. निघण्यापूर्वी पुलर आणि ट्रेलर जोडणाऱ्या दांड्याची पिन स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय मी कागदावर सही केली नाही. इंजिनाच्या ताकदीची आम्हाला कधी काळजी वाटली नाही. काळजी असायची ती सांध्याची.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाच्या घरी हे घडलं, म्हणून तर लिहितोय.

मुलाचा मंडीदीपच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवण्याचा धंदा आहे. कोविडमधून सावरला, दोन वर्षं बरी गेली, आणि त्यानं एक जर्मन बनावटीची लांब सेडान घेतली. पांढरीशुभ्र, आत बसलं की बाहेरचा आवाज बंद. आमच्या हिनं नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. मला खोटं बोलवत नाही, मलाही अभिमान वाटला. ज्या गावात आमचं सामान टांग्यातून आलं, त्याच गावात नात असल्या गाडीतून शाळेत जाते.

आता गणपती. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांचा मिळून एक गणपती बसतो. पूर्वी मूर्ती लहान होती, हातठेल्यावरून निघायची. मग मूर्ती वाढली आणि भाड्याची लोडिंग गाडी आली. २०२२ च्या अनंत चतुर्दशीला त्या गाडीवाल्यानं दुसरीकडं जास्त पैसे मिळाले म्हणून आम्हाला तीन तास ताटकळत ठेवलं. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या, पोरं पेंगुळलेली. त्या रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी कुणाच्या पाया पडायचं नाही. आपल्या गाडीला मागं हुक लावू, एक छोटी ट्रॉली बनवू, बाप्पा आपल्या गाडीमागून जातील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॉली एकदा झाली की दिवाळीच्या फराळ मेळाव्याचे टेबल-खुर्च्या, पचमढीच्या सहलीचं सामान, सगळंच सोयीचं होईल, असाही हिशेब झाला.

विरोध केला तो फक्त शेजारच्या वहिनींनी. पण त्यांचं कारण वेगळं. "अहो, एवढ्या महागाच्या गाडीला हुक? दूधवाल्याच्या गाडीसारखं दिसेल ते. शोभतं का?"

हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. २०१८ साली मुलीकडं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, दोन महिने राहिलो होतो. तिच्या समोर एक डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडं अशीच लांब काळी सेडान. शनिवारी सकाळी ते डिकी उघडून एक बटण दाबायचे आणि बंपरखालून एक पोलादी मान आपोआप बाहेर यायची, टोकाला गोळा. त्याला छोटा ट्रेलर लावून बागेतल्या छाटलेल्या फांद्या टाकायला जायचे. तिथल्या काही लोकांच्या गाडीचा हुक कायम बाहेरच असतो, आणि त्याच्या गोळ्यावर कापलेला टेनिसचा चेंडू बसवलेला असतो. पायाला ग्रीस लागू नये म्हणून. लाखोंच्या गाडीच्या मागं टेनिसचा चेंडू, आणि कुणाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. गाडी कामाला लावली म्हणून तिची शोभा जात नाही, हे मी तिथं पाहिलं.

पण त्याच डॉक्टरांनी मला त्यांच्या गाडीचं नोंदणीपत्रही दाखवलं होतं. त्यात ओ-१ आणि ओ-२ असे दोन रकाने असतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर ही गाडी किती किलो ओढू शकते, आणि ब्रेक नसतील तर किती, हे तिथं छापलेलं असतं. ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलोंचा. ट्रेलर लावला की वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर, मग गाडी कितीही वेगवान असो. शिवाय हुकाच्या पट्टीवर लिहिलेलं असतं की या गोळ्यावर वरून किती किलोंचा भार चालेल.

वहिनी "शोभत नाही" म्हणाल्या तेव्हा मी टेनिसच्या चेंडूची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. ओ-१, ओ-२ ची गोष्ट मात्र सांगितली नाही. माझं पहिलं गप्प बसणं ते.

आता थोडं यंत्राबद्दल, कंटाळू नका. जुन्या जीपला खाली पोलादी चौकट असायची, चॅसी. तिच्या मागच्या टोकाला हुक लावला की ओढ सरळ चौकटीवर. सेडानला अशी वेगळी चौकट नसते. सगळी गाडी म्हणजे दाबून वाकवलेल्या पत्र्यांची जोडलेली पेटी. त्या पेटीत दोन मजबूत लांब कण्यासारखे भाग असतात. युरोपातला कारखान्याचा हुक काय करतो? बंपरच्या आतली आडवी पट्टी काढून तिच्या जागी स्वतःची जाड पट्टी बसवतो आणि त्या पट्टीचे दोन हात त्या कण्यांमध्ये खोलवर घालून बोल्टनं आवळतो. त्यासाठी भोकं कारखान्यातच पाडून ठेवलेली असतात. विजेचं वेगळं यंत्र बसतं आणि गाडीच्या संगणकाला सांगावं लागतं की तुझ्यामागं आता ट्रेलर आहे. मग गाडीची स्थैर्य सांभाळणारी यंत्रणाही, ट्रेलर डोलायला लागला तर एकेका चाकाला ब्रेक लावून त्याला सावरते.

शिवाय एकाच नावाची गाडी प्रत्येक देशात सारखी नसते. अमेरिकेत पुष्कळ सेडानच्या पुस्तिकेत सरळ लिहिलेलं असतं की या गाडीनं ओढकाम करू नये. म्हणजे "जर्मनीत चालतं, मग इथं का नाही?" हा युक्तिवाद कच्चा आहे. मी मुलाच्या गाडीची पुस्तिका दोनदा वाचली. ट्रेलरबद्दल एक आकडा सापडला नाही. सापडला तो फक्त टो-आय, म्हणजे डिकीत जॅकशेजारी ठेवलेला, बंपरच्या झाकणामागं पेचानं बसवायचा आकडा. तो बंद पडलेली गाडी ओढून न्यायला असतो, ट्रेलर लावायला नव्हे.

आकडाच लिहिलेला नाही म्हणजे उत्तर "नाही" असंच समजायचं, हा माझ्या नोकरीतला नियम होता. मुलाला मी म्हणालो, "पुस्तिकेत काही दिसत नाही रे." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दीडशे टन पाठवलेत. हे पाचशे किलो आहे. दोनशे घोड्यांचं इंजिन आहे त्यात." मी हसलो. माझं दुसरं गप्प बसणं.

वेल्डिंगच्या एका कारखान्यात काम दिलं. मिस्त्री हुशार, हात चांगला, मन मोकळं. त्याची पहिली सूचना तो टो-आयच हुक म्हणून वापरायची होती. तेवढी मी हाणून पाडली. मग त्यानं डिकी उघडली, स्टेपनी काढली आणि स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाला खालून एक जाड प्लेट लावायचं ठरवलं. चार बोल्ट, वर मोठे वायसर. प्लेट आठ मिलिमीटरची, बोल्ट उत्तम, वेल्डिंग पाहण्यासारखं. पण ती जिथं आवळली होती तो स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. त्याचं काम स्टेपनी सांभाळण्याचं. मी खाली वाकून पाहिलं, बोटानं टकटक केली, पत्रा टणटण वाजला. मी मिस्त्रीकडं पाहिलं. तो म्हणाला, "बाबूजी, टेंशन मत लो, हाथी खींच लेगा."

मी काय म्हणालो? म्हणालो, "एक साखळी पण लाव. आणि ती या प्लेटला नको, गाडीच्या त्या टो-आयला लाव." एवढंच. जे सांगायचं होतं ते नाही सांगितलं, त्याऐवजी साखळी मागितली. आपण मोठी माणसं पुष्कळदा असंच करतो. नको म्हणायची हिंमत नसली की "जरा जपून" म्हणतो.

विजेचीही गंमत झाली. मिस्त्रीनं गाडीच्या मागच्या दिव्याची तार सोलून ट्रॉलीच्या दिव्यांना जोडली. गाडीच्या संगणकाला वाटलं दिवा बिघडला, समोर पिवळी सूचना पेटली. रिव्हर्स घ्यायला गेलं तर मागं काहीतरी आहे म्हणून गाडी ओरडायला लागली आणि स्वतःच ब्रेक लावून थांबली. तीन वेळा. मुलानं शेवटी ती सोय बंद केली. गाडी आपल्या परीनं नको म्हणत होती.

ट्रॉली जुन्या गाडीच्या ॲक्सलवर बनवली होती. तिला नंबर नव्हता, नोंदणी नव्हती, विमा नव्हता, ब्रेक नव्हते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार. चतुर्दशी चार दिवसांवर. मी हट्ट धरला की मूर्ती ठेवण्याआधी तेवढ्या वजनाची वाळू भरून एक फेरी मारू. पन्नास किलोंच्या सहा गोण्या, वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन सुमारे दोनशे. एकूण पाचशे किलो. पोरांनी गोण्या भरल्या आणि पुढच्या बाजूला, हुकाकडं रचल्या. का? तर तिकडून चढवायला सोप्या. १९५६ च्या टांग्यात दोष मागच्या ओझ्याचा होता, इथं पुढच्या ओझ्याचा. मुद्दा एकच. आणि मी तेव्हा मुलाशेजारी पुढच्या सीटवर बसून एसीची हवा खात होतो.

हबीबगंजच्या अंडरब्रिजमधून बाहेर पडून चढ चढत होतो. वेग फार तर वीस. चढ संपता संपता रस्त्यात एक आडवा चर होता, खणून अर्धवट बुजवलेला. मागची चाकं त्यातून गेली आणि धप्प असा आवाज झाला. मग पत्रा फाटतो तसा लांब, कर्कश आवाज. प्लेट, चार बोल्ट, वायसर, सगळं स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळासकट खाली आलं. वेल्डिंगला चरासुद्धा गेला नव्हता. फाटला तो गाडीचा पत्रा.

ट्रॉलीचं नाक रस्त्यावर आपटलं, ठिणग्या उडाल्या, ती तिरकी झाली. उतार मागं होता. पाचशे किलोंची ती ट्रॉली उताराला लागून मागं जाणार, तोच साखळी ताणली गेली आणि थांबली. टो-आयला बांधलेली साखळी. अख्ख्या जोडणीत कारखान्यानं बनवलेला तो एवढाच तुकडा होता, आणि तोच टिकला.

मागं स्कूटरवर एक मुलगी होती. नर्स, ड्यूटीवर एम्सला निघालेली. ट्रॉली तिरकी होताना पाहून तिनं हँडल वळवलं आणि पडली. कोपर सोलला, गुडघ्याला खरचटलं, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मी धावत गेलो. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा धावतोय म्हणून तीच घाबरली. उठून बसली आणि मलाच म्हणाली, "अंकल, आप बैठ जाइए, आपकी साँस फूल रही है." तिच्या कोपरातून रक्त येत होतं आणि ती माझी नाडी पाहत होती. मंडळी, मला ती नाडी तिच्या हातातून सोडवून घ्यावीशी वाटली. साखळी नसती तर काय झालं असतं हे मला कळत होतं. तिला कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी हिशेब केला. आधी करायचा तो नंतर केला. ट्रॉली अंगणात उभी करून गोण्या होत्या तशाच ठेवल्या आणि तिच्या नाकाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. काटा ११० वर गेला. सर्वसाधारण नियम असा की ट्रेलरच्या वजनाच्या फार तर दहा-पंधरा टक्के भार हुकावर यावा. युरोपात त्याहून कमी धरतात, आणि मोटारींच्या हुकांवर ही मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलोंच्या आसपास असते. आमचा भार बावीस टक्के. फार कमी भार असला तरी वाईट, मग ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलतो. आता तो भार गाडीवर कसा येतो पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सुमारे तीन मीटर, हुक मागच्या चाकांच्या मागं सव्वा मीटरच्या जरा आत, समजा १.२ मीटर. तरफेच्या नियमानं मागच्या चाकांवर ११० नाही, १५४ किलो येतात, आणि पुढची चाकं ४४ किलोंनी हलकी होतात. म्हणजे जी चाकं वळतात आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलतात, तीच उचलली जातात. हे सगळं गाडी उभी असताना. चरातून जाताना हाच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. मिलिमीटरभर पत्र्यानं काय करावं?

शाळेतल्या तरफेचा हिशेब आहे हा. दहा मिनिटं लागली.

रात्री मुलगा माझ्या खोलीत आला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हणालो, हो. "मग बोलला का नाहीत?" याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते चांगलं नव्हतं. नवी गाडी, त्याची कमाई, त्याचा उत्साह, गल्लीतल्या टाळ्या. निवृत्त बापानं प्रत्येक गोष्टीत खोट काढू नये असं मी स्वतःला बजावून ठेवलेलं. ते बजावणं सुनेच्या भाजीतल्या मिठाबद्दल ठीक आहे. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीबद्दल नाही.

तो म्हणाला, "मी ऐकलं नसतं कदाचित. पण तुम्ही म्हणायला हवं होतं."

त्या रात्री झोप लागली नाही. डोक्यात खटलापुरा घाट फिरत होता. १३ सप्टेंबर २०१९ ची पहाट भोपाळमध्ये कुणी विसरलेलं नाही. पिपलानीची पोरं मोठी मूर्ती घेऊन छोट्या तलावावर गेली. दोन नावा जोडून त्यांवर मूर्ती चढवली, पाण्यात उतरवताना तोल गेला, नावा उलटल्या. अकरा तरुण गेले. पिपलानी म्हणजे आपल्या भेलचीच वस्ती, माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांच्या शेजारची. तिथली गोष्ट आणि आमची गोष्ट सारखी नाही, आमचं फक्त एक कोपर सोललं. पण ओझं, सांधा आणि तोल हे तिन्ही शब्द दोन्हीकडं आहेत. आणि मला राहून राहून वाटतं, त्या पहाटे काठावर कुणीतरी जाणतं माणूस असेल, ज्याला हे बरोबर दिसत नसेल, आणि जे म्हणालं असेल, "जरा जपून रे पोरांनो."

आता माझं मत.

महागाच्या गाडीला हुक लावू नये असं मी म्हणत नाही. शोभेचं कारण तर अजिबात नाही. गाडी वापरायलाच असते, आणि दोन माणसांसाठी मोठी गाडी पाळण्यापेक्षा वर्षातून चार दिवस छोटा ट्रेलर लावणं शहाणपणाचंच. पण हुक गाडीच्या कारखान्यानं त्या गाडीसाठी मान्य केलेला असला, किती ओढायचं हे आकड्यात लिहिलेलं असलं, तरच. मिस्त्री कितीही कसबी असो, त्याच्या हातात आपल्या गाडीचा नकाशा नसतो. आमच्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्यानं सांगितलेलं काम नीट केलं. चुकीचं काम सांगितलं आम्ही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं, कारखान्यानं ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना पत्र लिहून गाड्यांपुढचे ते लोखंडी बुल बार काढायला लावले, कारण पुढच्या माणसाला इजा होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वेगळा नंबर असतो तो त्यामुळंच. आमच्या ट्रॉलीखाली ती मुलगी सापडली असती, तर विमा कंपनीपुढं कोणत्या तोंडानं उभे राहिलो असतो?

इथं कुणी म्हणेल, "काका, रस्त्यावर अर्धे लोक असंच चालवतात." खरं आहे. म्हणूनच माझी तक्रार गाड्या बनवणाऱ्यांकडंही आहे. त्याच गाडीला परदेशात बटणावर बाहेर येणारा हुक देता, तर इथल्या पुस्तिकेत निदान एक ओळ लिहा. "या गाडीनं इतके किलो ओढावेत" किंवा "अजिबात ओढू नये". कोरी जागा दिसली की आपल्याकडं तिचा अर्थ "हो जाएगा" असाच होतो. आणि ज्यांना खरंच गरज आहे, म्हणजे घोडे पाळणारे, नावा नेणारे, फिरते धंदेवाले, त्यांना परवानगीचा सरळ रस्ता असावा. रस्ता नसला की लोक गल्लीतून जातात.

पण सगळ्यात मोठी तक्रार माझी माझ्या वयाच्या लोकांकडं. आपण भेलमध्ये, पीडब्ल्यूडीत, रेल्वेत, वीज मंडळात आयुष्य काढलं. कुठं काय तुटतं हे आपल्याला कळतं. निवृत्तीनंतर पोरं आपल्याला म्हातारं म्हणतील, जुन्या वळणाचं म्हणतील, या भीतीनं ते कळणं आपण कपाटात ठेवून देतो. भाजीत मीठ कमी असलं तर गप्प बसा. सुनेनं जीन्स घातली तर गप्प बसा. पण पत्रा टणटण वाजत असेल तर बोला. एकदा, स्पष्ट, कारणासकट. ऐकलं नाही तर गाडीत बसू नका. मी गाडीत बसलो, आणि माझ्या बसण्यानंच पोरांना वाटलं की सगळं ठीक आहे.

त्या वर्षी चतुर्दशीला आम्ही पुन्हा भाड्याचाच छोटा हत्ती आणला. यंदा आठवडा आधी ठरवला, अर्धे पैसे आगाऊ दिले आणि गाडीवाल्याला दुपारी आमच्याकडंच जेवायला बोलावलं, म्हणजे दुसरीकडं जायला नको. वेळेवर निघालो. मूर्ती मधोमध ठेवली, चारी बाजूंनी दोर बांधला, प्रत्येक गाठ मी हातानं ओढून पाहिली. प्रेमपुरा घाटापर्यंत मागून सेडान होती, डिकीच्या तळाला नवा पत्रा घातलेली. तिच्यात आमची ही मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

त्या मुलीच्या स्कूटरचा खर्च मुलानं दिला. ती घ्यायला तयार नव्हती. दसऱ्याला सोनं द्यायला घरी आली होती. हातावरचा डाग अजून दिसत होता. हिनं तिला श्रीखंड-पुरी वाढली. मी समोर बसलो होतो, आणि तिनं विचारलं, "अंकल, वो हुक अभी भी है क्या?"

आहे. प्लेट, चार बोल्ट आणि फाटलेल्या पत्र्याची चकती, सगळं तसंच अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली ठेवलंय. मुलगा म्हणाला होता भंगारात देऊ. मीच नको म्हणालो, आणि या वेळी स्पष्ट म्हणालो.